हाकेनंतरची जागा

१

दुपारी कॉलेज सुटून घरी आलो की जिन्यातच कुणाचा तरी 'आ' ऐकू यायचा. एकच आ. मग तोच थोडा वर, आणखी वर, मग एकदम खाली, विहिरीत उतरल्यासारखा. शेजारच्या सरिताबाईंनी एकदा दारातच गाठून विचारलं, "सर, वैष्णवी गानं शिकून राह्यली, का कोनाचा गळा दाबून राह्यली?"

"दोन्ही," मी म्हणालो.

वैष्णवी माझी मुलगी. अमरावतीचं शिक्षण संपवून मंगरूळपीरला परतली होती आणि नोकरीच्या परीक्षा देत होती. उरलेला वेळ एका खेळाला. कॉम्प्युटरवरचा परदेशी खेळ, त्याचे जगभर चाहते, आणि हे चाहते त्यात आपल्या मनाची पात्रं आणि गाणी घालतात. खेळ साधा आहे. समोरचं पात्र एक ओळ गातं आणि थांबतं. तेवढ्या जागेत आपल्या पात्राने तीच ओळ परत गायची. वेळेत बटणं दाबली नाहीत, उत्तर चुकलं, की डाव संपला.

"पण हे म्हणतात काय? शब्द कळत नाहीत," मी एकदा विचारलं होतं.

"शब्द नसतेच बाबा. नुसते स्वर. एखाद्याचा आ, ए, ई, ओ घ्यायचा, कापायचा, अन् प्रत्येक सुरावर ताणून बसवायचा. मग त्याच्याकडून काहीही गाऊन घेता येते."

"त्याला न विचारता?"

"त्याला काय विचारायचं? तो तर चार स्वर देऊन घरी गेला."

माझ्या बायकोला, रूपाला, जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात भिंतीपलीकडून कुणाचा तरी आवाज येतो, याचं मला बरंच वाटायचं. तो कुणाचा आहे, हे मी विचारत नसे.

२

वैष्णवीच्या गटाने एक नवं पात्र ठरवलं होतं. राखणदारीण. वावरातल्या मचाणावर उभी, डोक्यावरून पदर बांधलेली, अंगावर फाटकं लुगडं. बाई आहे की बुजगावणं, ते कळू द्यायचं नाही. ती वरून गाणार, खालच्याने उत्तर द्यायचं. चाल कारंजाच्या हरीओमने बांधली होती. आवाज वैष्णवीने करायचा होता.

जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "बाबा, आईचा घ्यायचा का?"

रूपाचा आवाज होता कुठे? लग्नाच्या कॅसेटमध्ये बँडच बँड. फोनमध्ये जे होतं ते तिच्या फोनबरोबर गेलं.

"रिठदच्या भोंग्यात आहे," वैष्णवी म्हणाली.

हे मी विसरलो नव्हतो. त्या दिशेने विचार करत नव्हतो, इतकंच. रिठदला आमची शेती मोठा भाऊ रामरावदादा बघतो. हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, फार शिरतात म्हणून त्याने बॅटरीवरचा भोंगा आणला होता. लाल बटण दाबून ओरडायचं, मग ते यंत्र तेच ओरडणं रात्रभर म्हणत राहतं. वहिनींचे गुडघे धरले होते, म्हणून त्या हंगामात रूपा तिथे जाऊन राहिली होती. हाकारा तिनेच भरला. हरभरा घाट्यावर आला असताना ती दोन दिवसांसाठी घरी आली, आणि इथेच, ओट्याशी उभी असताना, खाली बसली. मेंदूतली नस, डॉक्टर म्हणाले. भोंगा मात्र तिकडे सुरूच होता. त्या हंगामात, मग सोयाबीनला, मग पुन्हा या हरभऱ्याला.

रविवारी वाशिमला गाडी बदलून आम्ही रिठदला गेलो. दादाने भोंगा वावरातून आणून अंगणातल्या बाजेवर ठेवला होता.

"काढून नवीन भरा, असं कितीक झन म्हनले," दादा म्हणाला. "पन मले नाई झालं. अन् डुक्कर भेते ना तिच्या आवाजाले! ग्यानबाच्या भोंग्यात कुत्रं भुकते, त्याले गावातले खरे कुत्रे रातभर उत्तर देत बसते. त्याचा हरभरा डुकरानं नेला, अन् झोप आमची."

वैष्णवी हसली. दादाने बटण दाबलं.

हाऽऽ होऽऽ! हाट रेऽऽ!

मी अंगणातल्या तुळशीकडे बघत राहिलो. आवाज फाटका होता, पत्र्यातून आल्यासारखा. पण शेवटचा 'रे' वर उचलून सोडून देण्याची लकब तिचीच. मग शांतता. ती बरीच लांबली. यंत्र बंद पडलं असं वाटेपर्यंत. मग पुन्हा, हाऽऽ होऽऽ!

"मधे एवढी जागा कशाला सोडली?" मी विचारलं.

चतुरावहिनी दारात बसून लसूण सोलत होत्या. "कायले म्हंजे? हाक टाकली का थांबा लागते भाऊजी. पलीकडच्या वावरातल्यानं ओ द्याव, मंग आपन दुसरी टाकाव. नाईतर तो जागा हाये का झोपला, कसं कळन? रूपाले मीच शिकवलं होतं. तिनं मशीनीतबी तसंच भरलं पाहा, येडीनं. मशीनीले कोन ओ देते?"

वैष्णवीने भोंग्यापुढे माइक धरून आवाज उतरवून घेतला. ते आटोपल्यावर वहिनी पाकळ्या पदरात गोळा करत म्हणाल्या, "पयले तर सोंगनी झाली, पीक कापून झालं का मचानावरच्याले खालून बोलवा लागे. उतर म्हना लागे, घरच्या मानसानं. आपल्या मनानं कोनी उतरत नोतं." मग दादाला म्हणाल्या, "चहा ठेवा न आता, पावनी पोरगी बसली केव्हाची."

३

तो आठवडा वैष्णवी रूपाचा आवाज कापत होती. पडद्यावर आवाजाच्या टेकड्या दिसतात. टेकडी, मग लांब सपाट रेघ, मग टेकडी. ती टेकड्या उचलून बाजूला ठेवायची आणि सपाट रेघ फेकून द्यायची. 'हा'तला आ घेतला, 'हो'तला ओ, 'रे'तला ए. ई कुठेच नव्हती. ती ए ताणून, पातळ करून बनवली.

"ही आईची नाही मग," मी म्हणालो.

"ऐकून तर पाहा."

ऐकली. 'नाही गं बाई' म्हणताना रूपाचा गळा वर जायचा, तशीच होती. मी दुसऱ्या खोलीत गेलो.

उत्तर देणारं पात्र उरलं होतं. हरीओमने स्वतःचा आवाज पाठवला होता, वैष्णवीला तो पसंत नव्हता. "राखणदारणीपुढे हा म्हणजे बुलेटवरून आल्यासारखा वाटते," ती म्हणाली. "तुमी द्या ना बाबा. चार तर स्वर आहेत."

आवाज भरायला घरातली सगळ्यांत चांगली जागा म्हणजे रूपाचं कपाट. मला ते माहीत नव्हतं. वैष्णवीने दोन्ही दारं उघडली, साड्यांच्या मधे माइक टांगला आणि मला डोकं आत घालून उभं केलं. डांबरगोळ्यांचा वास, त्याच्याखाली दुसरा एक.

"इथंच काहून?"

"कपडे आवाज पिऊन टाकतात. परत येऊ देत नाहीत. भिंतीसमोर घुमते."

मी आ म्हटला. ए म्हटला. माझा आवाज तोंडातून निघताच संपत होता. असं मी कधी ऐकलं नव्हतं. ई झाली. ओ म्हटला.

"असा नाही," मागून वैष्णवी म्हणाली. "हजेरी दिल्यासारखा नको. आई हाक मारायची तेव्हा कसा द्यायचे?"

"आईच्या हाकेला मी 'हं' म्हणायचो."

"हो, पेपरातून तोंड न काढता. 'हं' नाही चालत खेळात." ती हसली. मग हळूच म्हणाली, "ती मचाणावर आहे, असं समजा. तुमी खाली आहात. तिले कळलं पाहिजे, कोणीतरी आहे म्हणून."

पैठणीच्या काठाकडे बघत मी ओ दिला. वळून पाहिलं तर वैष्णवीने अंगठा वर केला होता, आणि तोंड दुसरीकडे.

४

गाणं जुळलं. पडद्यावर आवाजांच्या दोन पट्ट्या, वरच्या पट्टीवर रूपा, खालच्या पट्टीवर मी. ती एक ओळ गायची, मी तीच परत. वैष्णवीने तिच्या आवाजाला थोडा वारा दिला, लांबून येतो आहे असा. माझा जवळ ठेवला. ते ऐकताना माझ्या मनात काय झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी रोज ऐकत होतो, एवढं सांगतो.

हरीओमला पाठवलं. त्याचा फोन आला तेव्हा वैष्णवी पोळ्या लाटत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला.

"काय बनवलं बे! अंगावर काटाच. अन् तो श्वास कसा घेतला? भारी आयडिया आहे."

"कोणता श्वास?"

"राखणदारणीचा. समोरचा गाऊन राह्यला ना, तवा ती श्वास घेते. पुढची हाक मारायच्या आधी. जित्ती वाटते एकदम."

"मी नाही टाकला."

"चाल, नाटकं नको करू."

वैष्णवीने लाटणं ठेवलं. हेडफोन लावून ती खाली बसली आणि मग एक बाजू माझ्या कानाला लावली. माझा ओ संपत आला होता. त्याच्याखाली, अगदी बारीक, कुणीतरी आत श्वास घेतला. मग रूपाचा आ.

तुकडे जोडून केलेल्या आवाजाला श्वास नसतो. त्याला त्याची गरजच नसते. हे मलाही एव्हाना कळत होतं.

"तुमचा असेल," ती म्हणाली. "कपाटात तुमी घेतला असेल, तो ओ बरोबर आला."

"असेल."

पण श्वास वरच्या पट्टीवर होता. तिने ती जागा निवडून पुसून टाकली. सपाट रेघ. पुन्हा ऐकलं. नव्हता. पोळी तव्यावर जळाली होती.

५

दोन दिवसांनी तो परत आला, आणि थोडा आधी. माझी ओळ अर्धीच झालेली असताना. वैष्णवी म्हणाली, जुनीच फाइल उघडली असेल. तिने पुन्हा पुसला. नंतर त्याहून आधी ऐकू आला. माझ्या ओळीच्या सुरुवातीलाच. जणू आता कुणाला माझं उत्तर पुरतं ऐकायचंही नव्हतं, ते येतं आहे एवढंच कळायला हवं होतं.

मी विज्ञान शिकवत नाही, मराठी शिकवतो. पण भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माइकने घरातला दुसरा आवाज पकडला असेल. आम्ही दोघं दुःखात आहोत आणि दुःखात माणूस छतावरच्या ओलीतही चेहरे बघतो. हरीओम दुःखात नव्हता, हे खरं. पण त्याला असले प्रकार आवडतात.

वैष्णवी परीक्षेला वाशिमला गेली त्या दुपारी मी तिच्या खुर्चीत बसलो. बाहेर भांडीवाला ओरडत गेला. मला एकच करायचं होतं. माझी पट्टी बंद करून फक्त रूपाला ऐकायचं. मधे मधे माझा आवाज नको होता.

खालच्या पट्टीचं बटण दाबलं. ती राखाडी झाली. गाणं लावलं.

रूपाने पहिली ओळ गायली. मग माझी जागा आली, रिकामी. त्यात श्वास आला, स्पष्ट. गाणं कुठवर आलं ते दाखवणारी उभी रेघ पुढे सरकली, रूपाच्या दुसऱ्या टेकडीवर पोहोचली, ती ओलांडून गेली. आवाज आला नाही. तिसरी टेकडी. नाही. पडद्यावर तिचा आवाज ठसठशीत दिसत होता, रेघ त्यावरून जात होती, आणि कानात फक्त ती शांतता, अंगणात ऐकलेली. कुणी थांबलं आहे अशी.

मी गाणं थांबवलं. माझी पट्टी सुरू केली. पहिल्यापासून लावलं. माझा ओ झाला आणि तिने लगेच, वेळेत, दुसरी ओळ घेतली.

संध्याकाळी वैष्णवीला विचारलं, "एकाचं बटण दाबलं तर दुसरा पण बंद होतो का?"

"नाही. काहून? तुमी काही दाबलं का?"

"नाही," मी म्हणालो.

६

दादाचा फोन आला. हरभरा सोंगून, काढून झाला होता. "या न दोघंबी. भोंगा घेऊन जा. आता मी नवीन भरतो. हा तुमच्यापाशी राहू द्या, आवाज हाये तिचा."

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. भोंगा पडवीत खुंटीला लटकत होता. बॅटरी दादाने फवारणीच्या पंपात टाकली होती. तो पंप पाठीवर घेऊन तो भाजीच्या वाफ्यात हिंडत होता. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. मुद्दाम सांगतो.

वैष्णवी वहिनींच्या गुडघ्याला तेल लावत बसली. "तुमी वावरात जाऊन या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "साल झालं, गेलेच नाई."

मी गेलो. सोंगलेलं वावर म्हणजे नुसती खुरटी खोडं, पायाला टोचणारी. ऊन पडलं होतं. धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, चालत मी मधल्या बाभळीपर्यंत आलो. तिथून मचाण दिसतं. चार बल्ल्या, वर फळ्या, त्यावर पळसाच्या फांद्यांचं छप्पर, आणि एका बाजूने दादाने बांधलेली हिरवी जाळी. वाऱ्याने जाळी हलत होती. तिच्यामागे काहीतरी होतं. पोतं असेल, मी म्हटलं. राखणीला बसायला पोतं ठेवतातच.

हाऽऽ होऽऽ! हाट रेऽऽ!

पत्र्याचा आवाज नव्हता तो.

मी जागच्या जागी उभा राहिलो. डोकं चालू होतं, अगदी नीट चालू होतं. ग्यानबाने आवाज उतरवून घेतला असेल. पण ग्यानबाच्यात कुत्रं आहे. नाल्यापलीकडे कुणी बाई असेल. पण 'रे' असा कोण सोडतं? 'रे' विरून गेला आणि ती जागा सुरू झाली.

ती किती लांब होती, ते मी सांगू शकत नाही. एक टिटवी उठून गेली. जाळीमागचं पोतं होतं, नव्हतं. पोत्याला पदर नसतो. पाठ माझ्याकडे होती. डोकं मात्र किंचित कललेलं, जेवण वाढून बाहेरच्या खोलीतला माझा 'हं' ऐकण्यासाठी थांबलेल्या बाईसारखं.

मला काय करायचं होतं, ते मला माहीत होतं. वहिनींनी लसूण सोलताना सांगितलं होतं. एक शब्द. तोही नको, नुसता ओ. तो मी कपाटात दिला होता, वैष्णवीने सांगितला तसा. पण तिथे समोर साड्या होत्या.

मचाणावर श्वास घेतला गेला. तो एवढ्या लांबून ऐकू यायला नको होता.

माझं तोंड उघडलं नाही. ओ दिला तर ती वळेल, एवढंच त्या वेळी मनात होतं. तिने वळावं म्हणून मी वर्षभर काय काय दिलं असतं. आणि ती वळेल म्हणून मी दात आवळून उभा होतो.

मग हाक आली. आणि तिच्यामागे लगेच दुसरी. तिसरी. मधे जागा न सोडता, एकावर एक, कुणासाठीही न थांबता. मी वळलो आणि धुऱ्यावरून चालत निघालो. धावलो नाही. हाका गावाच्या वेशीपर्यंत मागे येत होत्या, नंतर वाऱ्यात मिसळल्या.

पडवीत भोंगा खुंटीलाच होता. "ऐकू आलं का काही?" मी विचारलं.

"काय?" वैष्णवी म्हणाली. तिचे हात तेलाने माखलेले होते. वहिनींनी मात्र माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग पाय आखडून घेतला. "मचानाखाली गेल्ते का?" त्यांनी विचारलं.

"नाही. धुऱ्यापर्यंतच."

"बरं," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात मी एकटाच परत गेलो. सकाळी, मनाची तयारी करून. दादाने मचाण उतरवून बल्ल्या गोठ्याला लावल्या होत्या.

७

गाणं खेळात गेलंच नाही. हरीओम चिडला, मग दुसऱ्या कामाला लागला. वैष्णवीने कारण एवढंच दिलं की फाइल बिघडली.

बिघडली म्हणजे काय, ते तिने मला दाखवलं. रिठदच्या अंगणात उतरवून घेतलेला मूळ आवाज तिने पुन्हा उघडला होता. गाणं नव्याने करावं म्हणून. पडद्यावर टेकड्या होत्या. टेकडीला लागून टेकडी, तिला लागून पुढची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सपाट रेघ कुठेच नव्हती.

"मीच काहीतरी जोडलं असेल," ती म्हणाली. तिचा त्यावर विश्वास नव्हता, आणि वावरात जे ऐकलं ते मी तिला सांगितलं नाही. भोंग्याला बॅटरी लावून पाहिली. त्यातही तसंच. हाऽऽ होऽऽ हाट रेऽऽ हाऽऽ होऽऽ. चांगला, खणखणीत आवाज. डुकरं पळावीत असा. त्यात आता कुणाची वाट बघणं नाही.

"बाबा, तुमचा ओ कुठे बसवू?" खुर्चीत मागे रेलून वैष्णवीने विचारलं. "जागाच नाही."

आता ती पुण्याला नोकरीला आहे. घरात स्वर येत नाहीत. दुपारी कॉलेजातून आलो की मी चप्पल काढतो, पाणी पितो, आणि आतल्या खोलीत जाऊन रूपाच्या कपाटाची दोन्ही दारं उघडतो. डोकं आत घालतो. हजेरी दिल्यासारखा नाही, नीट, वर कुणी आहे असं समजून ओ देतो. मग म्हणतो, उतर.

आणि थांबतो. साड्या आवाज पिऊन टाकतात.